उंटाचे मागचे पाय

आये, मी आता अबूधाबीला असते. ते कुठे आहे हे सांगत बसत नाही, तुला तर नदीपलीकडची वाडीसुद्धा परमुलूख वाटायची. लेकाने विमानातून आणलं, आणि मोहम्मद बिन झायद सिटी म्हणतात त्या भागात तिसऱ्या माळ्यावर ठेवलं. नावात सिटी आहे, पण दुपारी खिडकीतून बघितलं तर माणूस दिसत नाही. पिवळट भिंती, ओळीने उभ्या गाड्या आणि एखाद्या गाडीखाली सावलीला बसलेलं मांजर. लेक सकाळी मुसाफ्फाला कंपनीत जातो, सून तिच्या हापिसात, नात शाळेत. दार ओढलं की कुलूप आपलं आपण लागतं, आणि मग संध्याकाळपर्यंत घरात मी आणि एसी. दोघांत एसी जास्त बोलतो.

हे लिहितेय ते कागद नातीच्या नाटकाचे आहेत. एका बाजूला इंग्रजी छापलंय, दुसरी बाजू कोरी. नाटक झाल्यावर तिने सगळा गठ्ठा केराच्या डब्यात टाकला. कोरा कागद टाकून द्यायची अक्कल या घरात सगळ्यांना आहे, मला तेवढी नाही, म्हणून मी तो काढून पुसून ठेवला. अक्षर माझं तिसरीतलं, त्याच्यापुढे गेलंच नाही. तुझ्या डोळ्यांत फुलं पडून दिसेनासं झालं त्या वर्षी माझी शाळा सुटली. मास्तर घरी विचारायला आले होते, तू ओटीवरूनच सांगितलंस, "पोरगी मला लागते." त्याचा राग धरायचा तेवढा माझा धरून झाला आणि सोडूनही झाला. आज ते उकरायला बसलेले नाही. आज उंटाचं सांगायचं आहे.

नात अकरा वर्षांची आहे. लहान होती तेव्हा माझ्याशी मराठीत बोलायची, कारण दुसरं कुणी तिला एवढ्या वेळा उत्तर देत नव्हतं. मग शाळेत गेली आणि तिला बरी माणसं मिळाली. आता कानात पांढरी बोंडं घालून घरभर फिरते. आमचं बोलणं म्हणजे, "आजी, वायफाय का ऑफ केलं?" मी म्हणते, "दिवा उगाच लुकलुकत होता." ती कपाळावर हात मारते आणि खोलीत जाते. दिवसाकाठचा संवाद एवढाच. खरं सांगू, अधूनमधून मी तो दिवा मुद्दाम बंद करते.

दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. सगळे एकदा एकत्र जेवायला बसलो होतो. सून म्हणाली, "आई, हिला नाटकात घेतलंय. ख्रिसमस पँटोमाइम. रेडिओवर होणार आहे, लाइव्ह." लेकाने घास तसाच धरला. "पँटोमाइम म्हणजे मूकनाट्य ना गं? रेडिओवर मूकनाट्य?" मी म्हटलं, "म्हणजे तासभर रेडिओने गप्प बसायचं आणि लोकांनी ऐकायचं. मला घ्या त्यात, मी रोज तेच करते." लेक हसला. नात नाही हसली. "ओ माय गॉड, पप्पा, इट्स नॉट दॅट काइंड." मग तिने सांगितलं, निम्मं इंग्रजीत, निम्मं हातवाऱ्यांत. गोऱ्या लोकांची रीत आहे म्हणे, नाताळात घरातल्या सगळ्यांनी, अगदी म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत, मिळून बघायचं नाटक. त्यात थोराड पुरुष बाईचा झगा घालतो. एक दुष्ट माणूस मागून येतो आणि समोरच्या लोकांनी ओरडून सांगायचं, मागे बघ, मागे बघ. तो म्हणतो नाही, लोकांनी म्हणायचं हो. जनावरही असतं, आत दोन माणसं घुसवून केलेलं. यंदा इथल्या इंग्रजी रेडिओवाल्यांनी ते शाळेच्या हॉलमधून थेट सोडायचं ठरवलं होतं, म्हणजे ज्याला यायला जमत नाही त्याने घरी पोराबाळांत बसून ऐकावं.

मी म्हटलं, "हे तर आपले शिमग्याचे खेळे." कुणी ऐकलं नाही. मी विचारलं, "तुला काय केलंय?" नात ताटाकडे बघत म्हणाली, "कॅमल." मी म्हटलं, "अरे वा." ती म्हणाली, "बॅक लेग्ज." सून घाईने म्हणाली, "टीचर म्हणाल्या, एव्हरी पार्ट इज इम्पॉर्टंट." पण मला हिशोब कळला. उंट या नाटकात बोलतो, आणि बोलणं तोंडाचं, म्हणजे पुढच्या पायांचं. ते तिच्या वर्गातल्या दुसऱ्या मुलीला मिळालं होतं. मागच्याच्या वाट्याला मागचे पाय आणि शेपूट, आणि रेडिओवर शेपूट ऐकू येत नाही. पोरगी रडली नाही. माझ्यावर गेलीय, दार लावून घेते.

दोन दिवसांनी दुपारी ती स्वयंपाकघरात आली. बोंडं कानात नव्हती. मी खोबरं खवत होते. खवणी मी गावाहून आणलीय, विमानतळावरच्या माणसाने ती उलटसुलट करून बघितली होती, हत्यार आहे की काय म्हणून. नात म्हणाली, "आजी, आपल्याकडे कोकोनट्स आहेत? लाइक, रिअल वन्स?"

"मग हे काय प्लास्टिकचं खवतेय?"

"मला कॅमलसाठी पाहिजे."

"उंट नारळ खातो?"

"नो आजी! फॉर द फीट." आणि तिने दोन मुठी हवेत आपटल्या, टकटक टकटक. रेडिओवर जनावर चालायचं असेल तर दोन करवंट्या वाजवतात, हे तिला टीचरने सांगितलं होतं. मी म्हटलं, "उंटाच्या पायाचा आवाज येत नाही. तुझ्या पप्पाने वाळवंटात नेलं होतं तेव्हा बघितलाय मी, गादी ठेवल्यासारखा पाय ठेवतो." ती म्हणाली, "इट्स पँटोमाइम, आजी. नोबडी केअर्स." मलाही मग पटलं. जिथे पुरुष बाई होतो तिथे उंटाला खूर फुटले तर काय बिघडलं.

मी बाजारातून जाड करवंटीचा नारळ मागवला. इथे कोयता नाही. बत्त्याने कडेकडेने ठोकत, फिरवत फिरवत आणला, तू करायचीस तसा. तू आंधळेपणी नारळ असा फोडायचीस की दोन्ही वाट्यांचे काठ सुतात यायचे. माझी एक जरा वाकडी आली. खवून, आतून घासून, काठ दगडावर गुळगुळीत करून दिल्या. नात म्हणाली, "वाव." हा शब्द ती पिझ्झ्याला वापरते, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही.

पण त्यानंतर ती रोज शाळेतून आल्यावर स्वयंपाकघरात यायची. ओट्याचा दगड तिला आवाजाला बरा वाटला. मागचे पाय एकटे चालत नाहीत, पुढच्यांच्या पाठोपाठ चालतात, म्हणून पुढचे पाय मी झाले. स्टीलच्या दोन वाट्या उपड्या धरून मी वाजवायची टक टक, की लगेच तिच्या करवंट्या, टक टक. मी डोळे मिटून ऐकायची. "हा उंट नाही, हा पोस्टमन आहे. टपाल वाटत निघालाय." ती हसायची. "मग कसं?" "अगं, उंटाला कुठे जायची घाई असते का? मागचा पाय आळसाने येऊ दे. बोटं वर धर, करवंटीला गच्च धरलंस तर ती बोलत नाही." कधी ती म्हणायची, "हाऊ डू यू नो? तुझे तर आईज क्लोज्ड आहेत." मी म्हणायची, "म्हणून तर कळतं." तुझ्याबद्दल मी तिला सांगितलं नाही. तिने विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगितलं की या घरात लोक फोनकडे बघतात.

आये, तेव्हा मला सारखी आपली ओटी आठवायची. फाल्गुन आहे. तू खांबाला टेकून बसली आहेस, मांडीवर माडाचे हीर आहेत, चाचपून चाचपून खराटा बांधते आहेस. वळणावर ढोलकी वाजते आणि तू हात थांबवतेस. "आले गो, बाय. बस इथे." मी तुझ्या अगदी कानाशी बसते. अंगणात खेळे शिरतात. काळ्या झग्यातला संकासूर, टोकदार टोपी, तोंडावर काळं फडकं, तागाची पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. पोरं किंचाळत मागीलदारी पळतात. मग लुगडं नेसलेला बाप्या राधा होऊन नाचायला लागतो आणि मी तुझ्या कानात म्हणते, "आये, राधा काय छान दिसतेय गो!"

तू माझ्या मांडीला असा चिमटा काढलास की अजून ती जागा मला दाखवता येईल. "छान म्हणजे काय? छान मला दिसत नाही. लुगडं कसलं ते सांग."

"जांभळं. काठ फाटलाय, तिथे टाचणी लावलीय."

"आणि तोंड?"

"तोंडाला पावडर. मिशी आहे. मिशीवरपण पावडर मारलीय."

तू हसलीस ती अशी हसलीस की मांडीवरचे हीर सगळे खाली गेले. राधा नाचायची थांबून बघायला लागली, ही बाई कशाला हसते म्हणून. मग तू मला जवळ ओढून म्हणालीस, "बाय, दिसतंय काय ते सांग. वाटतंय काय ते माझं मी बघते."

ते माझं शिक्षण. तिसरीनंतर तेवढंच झालं. पुढे सगळं मी तुला तसंच सांगितलं. लग्नात नवरीच्या नाकातलं काय आहे, गाभणी गाय कशी उभी आहे, आभाळ कुठल्या बाजूने काळं आहे. बाबा गेले तेव्हाही तू माझा हात धरून विचारलंस, "कसा दिसतो?" मी सांगितलं, तोंड थोडं उघडं आहे, मान खिडकीकडे वळलीय, अंगावर निळी चादर आहे. एवढंच. वाईट दिसतात असं म्हणाले नाही, तो माझा प्रांत नव्हता. तू मान हलवलीस आणि चादर वर ओढायला सांगितलीस.

नाटक डिसेंबरात, दुपारचं होतं. निघताना सुनेने बजावलं, "आई, प्लीज हां, लाइव्ह आहे. खोकलासुद्धा नको." नात गाडीत माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, प्रॉमिस. नो टॉकिंग." मी म्हटलं, "मी कुणाशी बोलणार? तुमची भाषा मला कुठे येते?" ती म्हणाली, "यू टॉक एनीवे." ते खरं होतं, म्हणून मी प्रॉमिस म्हटलं. तिच्या पाठीला पिशवी होती, ती तिने मला घेऊ दिली नाही.

हॉल थंडगार. घरच्यांना पुढच्या रांगेत बसवलं. माझ्या एका बाजूला सून आणि दुसऱ्या बाजूला एका काठीवर राखाडी रंगाचं केसाळ बोंडूक. मला वाटलं जळमटं काढायचं, झाडणारा विसरून गेला. सुरू व्हायच्या आधी तो झगेवाला गोरा सगळ्या म्हाताऱ्यांना येऊन भेटला. सहा फुटी, लाल तोंडाचा, डोक्यावर पिवळा टोप, छातीला काय कोंबलं होतं ते मी विचारलं नाही. माझा हात हातात घेऊन काहीतरी गोड बोलला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मिशी होती. तिच्यावर पावडर मारली होती.

आये, तेव्हाच मला तू आठवलीस. तेव्हा गप्प बसले. तेवढं जमलं.

नाटक सुरू झालं. तो गोरा विधवा बाई झाला होता, तिचं पावाचं दुकान आणि एक उंट. घरमालकाला तो उंट हडपायचा होता, काळा कोट आणि भुवया रंगवलेला घरमालक, तो मागून चोरपावलांनी यायचा. एक पोरगा पाटी वर करायचा आणि सगळा हॉल ओरडायचा. आजोबा ओरडत होते, मांडीवरची पोरं ओरडत होती, सून ओरडली. मी तोंड दाबून बसले, प्रॉमिस दिलं होतं. मग सुनेचा फोन थरथरला. "दोन मिनिटं हां, आई, ऑफिस," म्हणून ती वाकून बाहेर गेली. खुर्चीवर तिची पर्स राहिली.

पुढे असं झालं की विधवेचा उंट घर सोडून एकटा वाळवंटात निघतो, तिला मदत आणायला. त्या वेळी दिवे कमी केले. हॉल एकदम शांत. दोन मुली स्टेजवरच्या एका टेबलापाशी आल्या. रेडिओसाठी फक्त करवंट्यांचा आवाज लागणार होता, पण पुढच्या मुलीने डोक्याला उंटाचे कान लावले होते, लोकांकडे बघून हसत होती, आणि सगळे तिच्याकडे बघत होते, कारण बोलणार ती होती. आपली मागे. आणि आपलीने शेपूट लावलं होतं. घरी कुणाला दाखवलं नव्हतं. तिने अंग जरासं तिरकं केलं होतं, शेपूट लोकांच्या बाजूला यावं म्हणून. कुणी तिकडे बघेना.

मग मी सांगितलं. कधी सुरू केलं मला कळलं नाही. पर्स ठेवलेल्या खुर्चीकडे वाकण्याऐवजी मी दुसऱ्या बाजूला वाकले, का ते देव जाणे, बहुतेक तू माझ्या उजव्या हाताला बसायचीस म्हणून. "आये, ही आली. तपकिरी झगा घातलाय. मागे शेपूट आहे, सुतळीचं, वळून वळून केलंय. टोकाला गोंडा. गोंडा माझ्या पिशवीच्या नाडीचा आहे, म्हणून ती सापडत नव्हती. करवंट्या धरल्यात, बोटं वर, दाखवलं तशी. पुढची हसतेय. आपली हसत नाही, खाली बघतेय. आता चालली. ऐक." आणि तिच्या करवंट्या वाजल्या. पोस्टमन नव्हता, उंट होता, आळशी, म्हातारा, वाळूत पाय ओढणारा. मी म्हटलं, "ऐकलंस?"

ते जळमटं काढायचं नव्हतं. लोकांच्या आरोळ्या रेडिओवर पोहोचाव्यात म्हणून तिथे उभा केलेला तो माइक होता. वाळवंट शांत होतं, आणि त्या शांततेत ज्याने ज्याने घरी, गाडीत, दुकानात रेडिओ लावला होता, त्या सगळ्यांना एक म्हातारी मराठीत कुजबुजताना ऐकू आली.

आम्ही गाडीत बसतो न बसतो तोच लेकाचा फोन. हसून हसून त्याला बोलता येईना. "आई! मी साइटवरून येत होतो, गाडीत लावलेलं. तू रेडिओवर! शेपूट, गोंडा... कोणाशी बोलत होतीस?" सुनेने फोन बंद केला. मागच्या सीटवर नात बाहेर बघत होती. शेपूट काढून पिशवीत कोंबलं होतं.  मग ती म्हणाली, "एव्हरीवन इज आस्किंग हू वॉज दॅट क्रीपी व्हिस्परिंग लेडी."

सून म्हणाली, "अगं, आजी आहे तुझी."

"आय नो हू शी इज." आणि थोड्या वेळाने, "खलास. मी प्रॅक्टिस केली होती आणि कोणीच कॅमल ऐकला नाही. दे ऑल हर्ड हर."

 जिथे गप्प बसायचं होतं तिथे बोलले, आणि जिथे बोलायचं होतं तिथे गप्प बसले. घरी आल्यावर तिने करवंट्या ओट्यावर ठेवल्या. "यू कॅन थ्रो देम," म्हणाली, आणि दार लावून घेतलं. नाताळची सुट्टी लागली होती, पोरगी दिवसभर घरात होती, आणि घर नेहमीपेक्षा रिकामं होतं. कुणी नसताना एकटं असणं वेगळं. त्याची मला सवय आहे. भिंतीपलीकडे माणूस असताना स्वयंपाकघरात उभं राहून ऐकायचं, खुर्ची सरकली का, दार उघडलं का, याची नाही. मी तिच्या आवडीचे नारळाचे लाडू केले, डबा दाराबाहेर ठेवला. डबा आत गेला. रिकामा बाहेर आला. तेवढंच.

मग एका दुपारी ती आली. हातात फोन. "हे त्यांनी ऑनलाइन टाकलंय," म्हणाली आणि ओट्यावर ठेवून लावलं. आधी गोऱ्याचं रडणं, मग शांतता, आणि मग, आये, मी दचकले. फोनमधून तू बोलत होतीस. तोच घोगरा, जरा नाकातला आवाज, 'शेपूट' म्हणताना 'शे' लांबवलेला.  सत्तरी उलटली माझी, आणि माझा आवाज तुझ्यासारखा आहे हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? तुझा ऐकलेली माणसं राहिली कुठे आता.

नात माझ्याकडे बघत होती. "आजी, हू वेअर यू टॉकिंग टू?"

"माइकशी."

"सीरियसली."

"माझ्या आईशी."

"शी इज डेड."

"हो."

तिने त्याच्यावर थोडा विचार केला. "मग का?"

"तिला दिसायचं नाही. मी सांगायची."

"ऑल द टाइम?"

"मग काय. खेळे, लग्नं, गुरं. सगळं."

"सो यू वेअर लाइक हर रेडिओ."

मी म्हटलं, "असेल तसं." तिने पुन्हा सुरुवातीपासून लावलं. या वेळी मी आवाजाला तयार होते, म्हणून पुढचंही ऐकलं. माझ्या कुजबुजीखाली करवंट्या नीट ऐकू येत होत्या. मी म्हटलं, "उंट चांगला झालाय."  ती फोन उचलून दारापर्यंत गेली, तिथे थांबली, पाठ माझ्याकडे. "नोबडी एल्स सॉ द टेल," म्हणाली. "नॉट ईव्हन मम्मा."

"मम्मा बाहेर होती. मी बघितलं. गोंडा चांगला बांधलायस. नाडी माझी आहे."

"सॉरी," ती म्हणाली, आणि गेली. दार लावलं, पण आपटलं नाही.

तुला वाटेल यानंतर सगळं सुरळीत झालं. नाही. शाळा सुरू झाली, तिला आता पोहण्याचा क्लास आहे, उशिरा येते, केस ओले, कानात बोंडं. जाता येता "हाय आजी" म्हणते. आधी तेही नव्हतं, म्हणजे कमाई झाली म्हणायची. शेपटाचा गोंडा सोडून नाडी तिने परत माझ्या पिशवीला ओवली, उलटी ओवली, मी तशीच ठेवलीय. करवंट्या मी टाकल्या नाहीत. ओट्याखालच्या खणात आहेत, सुनेला वाटतं आमटीचे डाव करायला ठेवल्यात.

हे कागद आता संपत आले. कुठे पाठवायचे हा प्रश्न नाहीच. तू असतीस तरी हे तुला कुणीतरी वाचून दाखवायला लागलं असतं, आणि तुला वाचून दाखवायचं काम माझंच होतं. मग लिहायचं कशाला, तोंडाने सांगितलं असतं. तोंडाने सांगितलं तर काय होतं ते बघितलंस.

एक राहिलं. सगळे गेले, दाराचं कुलूप लागलं, भांडी झाली, की मी कधी कधी ओट्यावर स्टीलच्या दोन वाट्या उपड्या घालते आणि पुढचे पाय चालवते. टक टक. मग थांबते, मागच्यांची जागा सोडून. परत टक टक. परत थांबते. करवंट्या खणात आहेत, हात घातला तर मिळतील, पण ते पाय माझे नाहीत. दिसतं ते एवढंच आहे: ओटा, दोन वाट्या, बंद खण, खिडकीत पिवळं ऊन, आणि एक म्हातारी हात वर धरून थांबलेली. बाकीचं तू बघ.